चौदा पट्ट्या

दिवाळी झाली की शिरड शहापूरजवळच्या त्या वस्तीतली मेंढपाळांची सात घरे कळप घेऊन बाहेर पडत, ती मृगाच्या तोंडावर परतत. मधल्या महिन्यांत वस्तीवर थोडीच माणसे उरत: गुडघे गेलेले एक-दोन म्हातारे, परीक्षेच्या वर्गातली मुले सांभाळणारी एखादी बाई, आणि पारू. निघण्याच्या दिवशी बायका एकेक करून पारूच्या अंगणात येत आणि ज्यांना चालवणार नाही अशी कोकरे तिच्या पुढ्यात ठेवून जात. कोणी अशक्त जन्मलेले, कोणी आईने लाथाडलेले, कोणी पाय मुरगळलेले. कळप दिवसाला तीन-चार कोस चालतो. मागे राहणाऱ्यासाठी तो थांबत नाही.

पारूलाही चालता येत नव्हते. दोन वर्षांची असताना पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले होते. आता ती एकतीस वर्षांची होती. घरात ती हातांवर सरकत असे, तळव्यांखाली जुन्या चपलेचे रबरी तुकडे धरून. बाहेर जायचे तर हाताच्या पायडलची तीनचाकी सायकल होती. थोरल्या बहिणीला कळपामागे नेता येत नाही हे भावाला, प्रभूला, जितके ठाऊक होते तितकेच तिलाही. त्यामुळे त्याविषयी घरात कधी बोलणे होत नसे. तो जाताना ज्वारीची पोती नीट रचून जाई, दुभत्या दोन शेळ्या तिच्यासाठी मागे ठेवी आणि म्हणे, "आक्का, जपून ऱ्हाय."

कळपाच्या घुंगरांचा आवाज ओढ्यापलीकडे पोचेपर्यंत ऐकू येई. त्यानंतरच्या सात महिन्यांत तिने केलेले काम म्हणजे ती कोकरे जगवणे. पहिल्या वर्षी नऊ ठेवली होती, त्यातली सहा मेली. तिने ती का मेली याचा विचार केला. विचार करायला तिच्यापाशी वेळ होता, आणि बोलायला कोणी नव्हते. पुढे पुढे मरणारी कमी झाली. गेल्या वर्षी तेरांपैकी बारा जगली.

ही गोष्ट शिवप्रसाद सरांच्या कानावर गेली. ते महाविद्यालयात शिकवत आणि तालुक्याच्या शेळी-मेंढीपालक मंडळाचे चिटणीस होते. लसीकरणाच्या निमित्ताने वस्तीवर आले असता त्यांनी पारूच्या अंगणात तासभर बसून सगळे ऐकले. २००३ सालच्या दसऱ्यानंतर, कळप निघण्याआधी, औंढ्याला मंडळाची परिषद भरायची होती. "ताई, हे तुम्ही स्वतः सांगायला हवं," ते म्हणाले. "व्यासपीठावरून. अर्धा तास तुमचा."

पारूने तिथल्या तिथे होकार दिला नाही. चार दिवसांनी तिने पत्र पाठवले. सातवीपर्यंत शिकलेल्या हाताने, ओळी सरळ याव्यात म्हणून खाली रेघा ओढून, लिहिलेले:

"मी येईन. पण मला कोणी उचलून वर न्यायचे नाही. स्टेज दोन फूट उंच असेल तर उताराची फळी वीस फूट लांब आणि चार फूट रुंद पाहिजे. माझी सायकल मी स्वतः चढवीन. हे जमत नसेल तर तसे कळवावे. मी येणार नाही, आणि रागही धरणार नाही."

ते माप तिला पुस्तकातून मिळाले नव्हते. वडील, संतराम, हयात असताना त्यांनी उंबऱ्यापुढचा मातीचा उतार तीनदा मोडून चौथ्यांदा बांधला होता. तेव्हा कुठे सायकल तिच्या एकटीच्या हाताने घरात शिरली.

आणि उचलून न नेण्याची अट का, हे तिने पत्रात लिहिले नाही. जिल्हा नवा झाला त्या साली हिंगोलीला सायकली वाटण्याचा एक कार्यक्रम झाला होता. व्यासपीठाला सात पायऱ्या होत्या. सायकली खाली रांगेत उभ्या, आणि ज्यांना त्या द्यायच्या त्यांनी वर जाऊन किल्ली घ्यायची. चार स्वयंसेवकांनी पारूला उचलले. दोघांचे हात काखेत, दोघांचे मांड्यांखाली. चौथ्या पायरीवर तिचे लुगडे सरकले आणि वाळक्या काटकीसारखा उजवा पाय उघडा पडला. झाकायला हात मोकळे नव्हते. नेमका त्याच वेळी फोटो निघाला, आणि तोच वर्तमानपत्रात आला. पुढच्या बाजारात प्रभूने भजी आणली ती त्याच कागदात बांधलेली होती. त्याने कागद पाहिला नव्हता. पारूने भजी ताटात काढली, कागद चुलीत घातला आणि नवी सायकल सहा महिने गोठ्यात उभी ठेवली.

शिवप्रसाद सरांचे उत्तर आठ दिवसांत आले: "आपल्या मापाप्रमाणे सर्व व्यवस्था होईल."

त्यांनी ती खरोखर केली. मंडपवाल्याला असला उतार माहीत नव्हता, म्हणून सरांनी ते काम लखमाबाबांकडे सोपवले. लखमाबाबा साठी उलटलेले मेंढपाळ. पायांनी साथ सोडल्यापासून ते कळपामागे जात नसत. आठवडी बाजारात मेंढ्या ट्रकमध्ये चढवण्यासाठी लागणाऱ्या फळ्या तेच बनवून देत. सरांनी त्यांना लांबी-रुंदी कागदावर लिहून दिली. लखमाबाबांना वाचता येत नव्हते, पण माप त्यांनी दोरीवर गाठी मारून घेतले आणि एका इंचाचीही चूक केली नाही.

परिषदेच्या दिवशी प्रभूने सायकल जीपच्या टपावर बांधली. औंढ्याच्या मैदानात मंडप लागला होता. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, सगळी मिळून चारशेच्या आसपास माणसे. पारूने जीपमधूनच मान उंचावून पाहिले. व्यासपीठाच्या डाव्या अंगाला एक लांब, रुंद, सावकाश चढत जाणारी फळी होती आणि तिच्यावर खालपासून वरपर्यंत हिरवी मॅट अंथरली होती. इतकी नीट गोष्ट आपल्यासाठी कोणी केली आहे, हे तिला क्षणभर खरे वाटेना.

"बराबर तुह्या मापाची दिसून राहिली, आक्का," प्रभू म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली. तिने पदर खोचला.

दीपप्रज्वलन झाले, सत्कार झाले. मग शिवप्रसाद सरांनी तिचे नाव पुकारले, आणि आपल्या मंडळाने यंदा प्रथमच असा उतार बांधला आहे हेही सांगितले. टाळ्या पडल्या. पारू सायकल फिरवत उतारापाशी आली. श्वास घेतला, आणि दोन्ही हातांनी पायडल फिरवले.

पुढचे चाक कशावर तरी आपटले आणि सायकल मागे आली.

तिला वाटले, मॅटची घडी असेल. तिने पुन्हा जोर लावला. चाक पुन्हा त्याच जागी अडले. तिसऱ्या वेळी हॅण्डल वाकडे झाले आणि सायकल कलली. पुढच्या रांगेतली माणसे उभी राहिली. प्रभू धावत आला, त्याने मॅटचे टोक उचलले.

फळीवर आडव्या पट्ट्या ठोकल्या होत्या. अंगठ्याएवढ्या जाड, हात-हात अंतरावर एक, थेट वरपर्यंत. ट्रकच्या फळीवर असतात तशा, मेंढीचे खूर घसरू नयेत म्हणून.

पुरुषांच्या बाजूने कोणीतरी ओरडले, "लखमाबाबा, ट्रक कुठं लावला हो?"

मंडप हसला. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. ती माणसे बाजारातल्या रोजच्या गोष्टीला हसत होती. पण पारू त्यांच्याकडे पाठ करून बसली होती, आणि पाठीला ते वेगळे कळत नव्हते.

लखमाबाबा काठी टेकत पुढे आले. त्यांचा चेहरा पडला होता. "म्या मारल्या, बाई. कोणी सांगितल्या न्हवत्या. चढताना घसरू ने म्हून मारल्या. चांगल्या घट बसवल्या."

"चाकाला खूर नसतेत, बाबा," पारू म्हणाली.

"न्हाई सुचलं. आयुष्यात चाकासाठी फळी केली न्हाई ना कधी."

तोवर चार तरुण स्वयंसेवक येऊन उभे राहिले होते. एक वाकून म्हणाला, "काही टेन्शन घेऊ नका मावशी. चला रे, दोन दोन बाजूनं धरा."

"हात लावू नका."

ती मोठ्याने बोलली नव्हती, पण माइक जवळ होता. मंडपभर ते ऐकू गेले. हसणे थांबले, आणि थांबलेले हसणे तिला जास्त जड वाटले.

शिवप्रसाद सर व्यासपीठावरून उतरून तिच्यापाशी उकिडवे बसले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "चूक माझी आहे ताई. मी काल संध्याकाळी पाहिलं, तेव्हा मॅट टाकून झाली होती. उचलून बघायला हवं होतं." त्यांनी वरच्या माइककडे पाहिले. "माइकची वायर लांब आहे. तुम्ही इथूनच, खालून बोललात तर? सगळ्यांना ऐकू येईल. माणसं आत्ता बसलेली आहेत."

सूचना वाजवी होती. पारूला ते तेव्हाही कळत होते. समोर चारशे माणसे होती. त्यांच्या घरी येत्या थंडीत कोकरे जन्मणार होती, आणि त्यातली काही मरणार होती. दोन फूट वर बसून सांगितले काय आणि खालून सांगितले काय, सांगणे तेच होते. पण खालच्या रांगेत, सायकलींच्या शेजारी, ती एकदा बसली होती. वर जायचा रस्ता दुसऱ्यांच्या हातांतूनच जातो हे तिला एकदा सांगून झाले होते. आज ते पुन्हा, मंडळाच्या हिरव्या मॅटच्या टोकाशी बसून, स्वतःच्या तोंडाने कबूल करायचे?

"पट्ट्या निघतेत का, बाबा?" तिने विचारले.

"काहून न्हाई निघणार? ठोकल्या तेनंच काढायच्या. पर येळ लागंल."

"लागू द्या. सर, माझं नाव मागून घ्या. दुसऱ्यांचं होऊ द्या."

मंडपवाल्याकडून हातोडा आणि कटावणी आली. लखमाबाबा मांडी घालून फळीवर बसले आणि खालच्या पट्टीपासून सुरुवात केली. खिळे लांब होते आणि मागून वळवलेले. एकेक खिळा आधी सरळ करायचा, मग उपसायचा. व्यासपीठावर बँकेच्या अधिकाऱ्यांनी भाषण केले, नंतर लोकरीच्या संस्थेच्या अध्यक्षांनी. प्रत्येक पट्टी निघताना लाकूड किंचाळे आणि वक्ता थांबून डावीकडे पाही. आठ पट्ट्या निघाल्या तेव्हा प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले. एक कार्यकर्ता वाकत वाकत आला आणि कुजबुजला, "बाबा, साहेबांचं होईस्तोवर आवाज बंद ठेवा."

लखमाबाबा कटावणी मांडीवर घेऊन बसून राहिले. सहा पट्ट्या उरल्या होत्या. पाहुणे पंचावन्न मिनिटे बोलले. पारू उतारापाशी, एका बाजूला, सायकलीत बसून होती. तिच्यासमोर मंडपाचा खांब होता आणि खांबाला गुंडाळलेले कापड. भाषण काय होते ते तिच्या ध्यानात राहिले नाही. बायकांच्या बाजूने कोणीतरी पाण्याचा तांब्या पाठवला. तिने तो परत पाठवला, कारण बायकांसाठी बांधलेल्या मुतारीला दोन पायऱ्या होत्या हे तिने येताना पाहिले होते.

पाहुणे बसताच जेवणाची घोषणा झाली. माणसे उठली. वरणाचा वास मंडपात आला आणि खुर्च्या सरकल्याच्या आवाजात लखमाबाबांनी उरलेल्या पट्ट्या भराभर उपसायला घेतल्या. शेवटची निघाली तेव्हा मंडप जवळजवळ रिता झाला होता.

"जेवणानंतर घेऊ ताई," शिवप्रसाद सर म्हणाले, पण त्यांनी हातातल्या कार्यक्रमपत्रिकेकडे पाहिले, आणि तिथे जेवणानंतर जागा नव्हती हे दोघांनाही दिसले. पाहुण्यांची पंगत मांडली होती, सरांना बोलावणे आले, ते गेले. त्यांना जावेच लागले.

पारूने सायकल उताराला लावली. चाक फळीवर चढले. हातांच्या शिरा ताठरल्या, पायडल एकेका अर्ध्या फेऱ्याने पुढे गेले. मध्यावर ती थांबली. प्रभूने मागून हात पुढे केला. तिने मानेनेच नको म्हटले. मग ती वर आली. वीस फुटांना किती वेळ लागला हे कोणी पाहिले नाही.

माइक बंद होता. ध्वनिक्षेपकवालाही जेवायला गेला होता. समोर मोकळ्या खुर्च्या होत्या, विसरलेल्या दोन टोप्या होत्या. बायकांच्या बाजूला मागच्या रांगेत एक म्हातारी मात्र बसून होती.

"आजी, जेवाया न्हाई गेल्या?" पारूने वरून विचारले.

"गर्दी सरू दे." म्हातारी उठून पुढे आली आणि पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या गादीच्या खुर्चीवर बसली. "मी शकुबाई. सिद्धेश्वरकडची. गेल्या थंडीत माही अकरा कोकरं गेली. तू काय सांगणार हुतीस ते सांग की. त्याच्यासाठी आले मी, त्या सायबासाठी न्हाई."

लखमाबाबा उताराच्या कडेवर टेकले. पारूने घसा साफ केला. तयारी अर्ध्या तासाची होती. सुरुवातीला मान्यवरांना नमस्कार होता, तो तिने गाळला.

"गारठलेल्या लेकराला आपुन काय करतो? तोंड उघडून दूध घालतो. तिथंच चुकतं. थंड पोटाला दूध पचत न्हाई, ते जागीच ऱ्हातं. आधी ऊब, मंग दूध. तोंडात बोट घालून बघायचं. तोंड गार लागलं तर दुधाला हातच लावायचा न्हाई. शेगडीपाशी न्यायचं, पोत्यानं पुसायचं, पोटाशी घ्यायचं. तोंड गरम झालं की मंग."

"आमी तर आधी पाजतो," शकुबाई म्हणाली.

"सगळेच पाजतेत. मी बी पाजलं, सहा मारली. अन् दुसरं. अशक्त लेकराला आपुन सारखं उचलून उभं करतो. ते पडतं, आपुन पुन्हा उभं करतो. त्याची सगळी ताकद पडण्यातच जाती. उभं करू नका. बसल्या जागी पाजा. पोटावर बसवायचं, मान वर धरायची, थोडं थोडं, दिवसात सहा बारी. त्याला उठायचं तवा ते उठतं."

"अन् न्हाईच उठलं तर?"

"न्हाई उठलं तरी जगतं, आजी."

शकुबाईने आणखी चार-पाच प्रश्न विचारले. नाळेला काय लावायचे, शेळीच्या दुधात पाणी घालायचे का, मेलेल्या कोकराची कातडी पांघरवून दुसरे कोकरू मेलेल्याच्या आईखाली लावता येते हे खरे का. पारूने सगळ्यांची उत्तरे दिली. लखमाबाबा मध्ये मध्ये म्हणत, "पुन्हा सांग, बाई. हळू सांग." तेही ती पुन्हा सांगे.

माणसे जेवून परतली तेव्हा ती अजून वरच होती. शिवप्रसाद सरांनी तिला शाल आणि नारळ दिला. माइकवरून ते म्हणाले की पारुबाई आज कोणाच्याही मदतीविना व्यासपीठावर आल्या. या वेळी टाळ्या सकाळपेक्षा मोठ्या होत्या, आणि त्या खऱ्या होत्या. फोटोवाला म्हणाला, "ताई, एकदा खाली जाऊन परत चढता का? चढतानाचा राहिला." पारू नाही म्हणाली. कोकरांविषयी कोणी काही विचारले नाही. ती बोलून गेली आहे हेच बहुतेकांना ठाऊक नव्हते. पुढचा विषय विम्याचा होता.

जीप निघताना लखमाबाबांनी सुतळीने बांधलेला एक भारा तिच्या पायाशी ठेवला. खिळे काढलेल्या आडव्या पट्ट्या होत्या. "सागाच्या हायेत. जळणाला व्हतील. फळी मंडळाची, तिला कोणी हात न्हाई लावणार. पुढल्या बारीला कामी येईल." मग खाली पाहत म्हणाले, "लई तकलीफ दिली तुला."

वाटेत प्रभू म्हणाला, "आक्का, खालून बोलली असतीस तर समद्यांनी ऐकलं असतं."

"व्हय. ऐकलं असतं," पारू म्हणाली. त्यापुढचे तिला स्वतःलाच ठरवता येत नव्हते.

दिवाळी आली आणि गेली. निघण्याच्या दिवशी पारूने अंगण झाडले, शेगडी बाहेर काढली, बाटल्या उकळून रांगेत पालथ्या घातल्या. कोरड्या राखेवर पोती अंथरली. दरवर्षी इतकी तयारी लागेच.

घोडी लादली गेली. शेजारची धुरपता अंगणात आली, पण तिच्या हातात काही नव्हते. तिच्या घोडीच्या पाठीवर पोत्याची एक झोळी होती आणि झोळीतून दोन लहान तोंडे बाहेर आली होती.

"औंदा संगंच नेतो, आक्का," ती उत्साहाने म्हणाली. "लखमाबाबा बाजारात बसून समद्यांला सांगून राहिले. तोंडात बोट घालून बघायचं म्हनून. सिद्धेश्वरच्या बायाबी तेच करू लागल्या म्हनं. आधी ऊब, मंग दूध. तुला बी तितकाच तरास कमी."

"चांगलं केलं," पारू म्हणाली. "मान वर धरून पाजजा."

बाकीच्या घोड्यांवरही तशाच झोळ्या होत्या. एकच कोकरू मागे राहिले, आदल्या दिवशी आई मेलेले. प्रभूने ते तिच्या मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "जपून ऱ्हाय." मग घुंगरे हलली. ती ओढ्यापर्यंत ऐकू आली, आणि ओढ्यापलीकडे थांबली.

पारूने कोकराच्या तोंडात बोट घातले. तोंड गार होते. ती हातांवर सरकत शेगडीपाशी गेली, सुतळी सोडली आणि पहिली पट्टी मोडून पेटवली. सागाने हळूहळू जाळ धरला. तिने कोकराला पोटाशी घेतले, रित्या अंगणाकडे एकदा पाहिले आणि भारा भिंतीकडे, पावसा-दवापासून आत ओढला. चौदा पट्ट्या होत्या. एका लेकराला त्या पुष्कळ दिवस पुरणार होत्या.